इंदूरहून दीर्घकालीन मिशनसेवेसाठी परदेशी निघताना

आमच्या मंडळीतून (म्हणजे चर्चमधून) दीर्घ मुदतीच्या सेवेसाठी परदेशी गेलेले आम्ही पहिलेच जोडपे होतो, त्यामुळे विचारायला कोणी नव्हते. इंदूरच्या छावणीतले घर सोडून पश्चिम केनियात, किसुमूजवळच्या एका गावात पोहोचेपर्यंत चौदा महिने लागले, आणि त्यांतले निदान पाच महिने तरी कोणते काम आधी करायचे हे ठाऊक नसल्यामुळे वाया गेले. चार वर्षे राहून परतल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी तरुण जोडपे घरी येते, चहा होतो आणि तेच प्रश्न निघतात. म्हणून उत्तरे एकदा क्रमाने लिहून ठेवतो आहे. उदाहरणे केनियाची आहेत. देश दुसरा असेल तर परवान्याचे नियम बदलतील, कामांचा क्रम सहसा बदलणार नाही. दोन-तीन आठवड्यांच्या भेटीसाठी जाणाऱ्यांना यातले बरेचसे लागू नाही. हा लेख दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ, अनोळखी सहकाऱ्यांबरोबर राहायला निघालेल्यांसाठी आहे.

१. आधी मंडळी, मग पासपोर्ट

देवाच्या पाचारणाची, म्हणजे त्याने या सेवेला बोलावल्याची, खात्री तुम्हाला झाली असेल, पण पाठवणारी मंडळी असते. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये पौल आणि बर्णबा स्वतःहून निघाले नाहीत. अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना केले, आणि पुढच्याच अध्यायात ते परत येऊन त्याच मंडळीला सारे वृत्त सांगतात. हा दुहेरी धागा आधी बांधून घ्या. प्रथम पाळकसाहेबांना एकांतात भेटा, मग वडीलमंडळापुढे जा, आणि तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या: आम्हाला पाठवणारी संस्था कायद्याने कोणती, आमच्या कामाचा आणि पैशाचा हिशेब कोणाला द्यायचा, आणि आम्ही गंभीर आजारी पडलो किंवा तिथली परिस्थिती बिघडली तर आम्हाला परत बोलावण्याचा निर्णय कोण घेणार.

येथला सापळा म्हणजे भारावलेली सभा. उपासनेनंतर हात हातात घेऊन ‘आम्ही आहोत ना’ म्हणणारे लोक आणि तिसऱ्या वर्षीही दरमहा रक्कम भरणारे लोक हे दोन वेगळे गट असतात, आणि त्यात कोणाचाही खोटेपणा नसतो. म्हणून तोंडी आश्वासने मोजू नका. कोण, किती आणि किती महिने हे कागदावर असलेलेच मोजा.

याच टप्प्यावर घरचा विषयही मिटवा. आईवडील इथे राहणार असतील तर त्यांच्या औषधांचे, दवाखान्याचे आणि रात्री-अपरात्री धावून जाण्याचे कोण बघणार, हे भावंडांसमोर बसून ठरवावे. आम्ही ‘बघू पुढे’ म्हणून निघालो आणि दुसऱ्या वर्षी आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी धाकट्या भावाने जे ऐकवले, ते त्याचे बरोबरच होते.

२. यजमान मंडळी काय मागते आहे, ते विचारा

केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. आपण सुवार्ता घेऊन चाललो आहोत अशा थाटात तिथे उतरलात तर गावातली सत्तर वर्षांची आजी तुम्हाला चहा पाजून पवित्र शास्त्रातले चार उतारे पाठ म्हणून दाखवील. १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदुरात आले, तो काळ आणि ती पद्धत आता राहिलेली नाही. आज परवानाही तुम्हाला एकट्याला मिळत नाही. तिथली नोंदणीकृत संस्था तुमच्यासाठी अर्ज करते. म्हणून यजमानांकडून निमंत्रणपत्र, त्यांच्या नोंदणीच्या दाखल्याची प्रत आणि तुम्ही नेमके कोणते काम करणार याचे लेखी वर्णन मागवा. आम्हाला त्यांनी उपदेशक म्हणून बोलावलेच नव्हते. पत्नी परिचारिका आहे म्हणून तिला दवाखान्यासाठी, आणि मी शाळेत वाणिज्य शिकवत होतो म्हणून मला पाळकांना हिशेब लिहायला शिकवण्यासाठी बोलावले होते. मला ते थोडे लागले होते, हे कबूल करतो.

३. टीमशी करार, आणि तोही विमानतळाआधी

या टप्प्यावर मी सर्वाधिक वेळ घालवायला सांगेन. व्हिसा अडला तर सहा महिने जातात, पण टीम मोडली तर वर्षांचे काम जाते. पौल आणि बर्णबा यांच्यासारखे दोघेसुद्धा मार्काला बरोबर न्यायचे की नाही यावरून इतके तुटले की दोघे दोन दिशांना गेले (प्रेषितांची कृत्ये १५). तुम्ही-आम्ही त्याहून भक्कम आहोत असे धरून चालू नये.

आमच्या टीममध्ये आम्ही दोघे, तमिळनाडूचे एक वडीलधारे जोडपे, नागालँडची एक तरुण शिक्षिका आणि दोन स्थानिक पाळक होते. तमिळ बंधू माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांना ‘अण्णा’ म्हणू लागलो. गडबड तिथेच झाली. एकदा अण्णा म्हटल्यावर भर बैठकीत त्यांचे म्हणणे खोडून कसे काढणार? मी आठ महिने मान डोलावली, घरी येऊन पत्नीपाशी कुरकुर केली, आणि एका रात्री गाडीच्या डिझेलवरून इतका भडकलो की शेजारचे पाळक कंदील घेऊन बाहेर आले. नागा भगिनी मात्र पहिल्याच आठवड्यात अण्णांना तोंडावर ‘हे मला पटत नाही’ म्हणाली होती. तेव्हा ती आम्हाला उद्धट वाटली होती. आठ महिन्यांनी कळले की आमच्यात तीच एकटी टीमशी प्रामाणिक होती.

म्हणून निघण्याआधी निदान तीन-चार वेळा व्हिडिओवर, आणि शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष, सर्वांनी एकत्र बसावे आणि पुढील गोष्टी दोन-तीन पानांत लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. अंतिम निर्णय कोणाचा, आणि कोणत्या बाबतीत सर्वांची संमती लागेल, आठवड्यातून कोणत्या दिवशी बैठक आणि त्यात वयाचा मान बाजूला ठेवून प्रत्येकाने बोलण्याची पद्धत कोणती, सामाईक पैसा, सामाईक गाडी आणि सामाईक स्वयंपाकघर यांचे नियम, रजा, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, वाद टीममध्ये मिटला नाही तर बाहेरची कोणती व्यक्ती ऐकून घेणार, आणि कोणाला मधूनच सोडावेसे वाटले तर किती महिन्यांची पूर्वसूचना. यातले शेवटचे कलम लिहिताना सर्वांना अवघड वाटते, तरी लिहा.

डिझेलचा वाद नंतर कसा मिटला तेही सांगतो. गाडीच्या किल्लीशेजारी खिळ्याला दोरीने एक शंभर पानी वही टांगली: तारीख, कोण, कुठे, निघतानाचे किलोमीटर, आल्यावरचे किलोमीटर. प्रार्थनेला बसून जे सुटले नव्हते ते त्या वहीने पंधरा दिवसांत सोडवले.

४. कागदपत्रे

दोन लिफाफे करा, एकात मूळ प्रती आणि दुसऱ्यात झेरॉक्स. शिवाय सर्वांचे स्कॅन दोन ठिकाणी ठेवा. लागणारे कागद असे:

– पासपोर्ट, भरपूर मुदत आणि रिकामी पाने असलेला
– जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, पदवी व व्यावसायिक नोंदणीची प्रमाणपत्रे
– विवाहाचा नोंदणी दाखला, मुलांचे जन्मदाखले
– पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
– पाठवणाऱ्या मंडळीचे पत्र, यजमान संस्थेचे निमंत्रण व तिचा नोंदणी दाखला
– पिवळ्या तापाच्या लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र
– विमा, आणि रक्तगटासह नेहमीच्या औषधांची डॉक्टरांच्या सहीची यादी
– पासपोर्ट आकाराची भरपूर छायाचित्रे

पासपोर्टचे काम इंदुरातल्या केंद्रावर होते, मुख्य कार्यालय भोपाळला आहे. साध्या अर्जाचे शुल्क ३६ पानांच्या पुस्तिकेला १५०० रुपये आणि ६० पानांच्या पुस्तिकेला २००० रुपये आहे. ६० पानांचीच घ्या, शिक्के आणि परवाने पाने लवकर खातात. पोलीस क्लिअरन्सचा अर्जही तिथूनच, शुल्क ५०० रुपये. मात्र तो फार आधी काढू नका, कारण मागणाऱ्या कार्यालयांना तो ताजा, बहुधा सहा महिन्यांच्या आतला लागतो. आमचा पहिला दाखला असाच शिळा होऊन फुकट गेला.

नावाचा सापळा आपल्या समाजात मोठा आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेत दुसरे, आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कार्यालयाच्या मर्जीप्रमाणे. पासपोर्टवर जे नाव आहे तेच प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. अगदी जुळत नसेल तिथे शपथपत्र करा. नगर निगमचे जुने दाखले केवळ हिंदीत असतात, त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

दुसरा सापळा विवाहाचा. आमचे लग्न चर्चमध्ये झाले होते आणि पाळकसाहेबांच्या सहीचा उतारा आमच्याकडे होता, पण साक्षांकनाच्या, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का घेण्याच्या, खिडकीवर तो परत आला. सरकारी नोंदणीचा दाखला काढून मगच काम पुढे सरकले. यात दोन महिने गेले.

साक्षांकनाचे दोन मार्ग आहेत. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे; या करारातले देश एकमेकांच्या कागदांवरचा एकच शिक्का मान्य करतात. तुमचा देशही त्या करारात असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. नसेल तर मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो. दोन्हीकडे त्याआधी राज्य पातळीवरची तपासणी असते. कोणता मार्ग लागू आहे हे यजमानांकडून लेखी विचारून घ्या आणि मगच एजंटाच्या दारात जा. ‘सगळे शिक्के मारून देतो’ म्हणणाऱ्या एका एजंटाने आमच्याकडून न लागणाऱ्या तीन कागदांचेही पैसे घेतले.

५. परवाना: पाहुणा म्हणून जाऊन सेवक होऊ नका

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती सहज मिळते, आणि म्हणूनच धोक्याची आहे. ती भेटीसाठी आहे. त्यावर जाऊन शिकवणे, उपदेश करणे किंवा दवाखान्यात काम करणे योग्य नाही, बिनपगारी असले तरी नाही. धार्मिक व धर्मादाय कामासाठी केनियात ‘आय’ वर्गाचा परवाना असतो आणि त्याचा अर्ज यजमान संस्थेमार्फत होतो. तो हाती येईपर्यंत तिकीट काढू नका. पोहोचल्यावर तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला तिथे वेगळी नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे लागते. ‘आधी या, मग बघू’ असे यजमान प्रेमाने म्हणतात. पण दंड तुम्हाला भरावा लागतो. नैरोबीतील भारतीय उच्चायोगाकडेही आपली नोंद करून ठेवा.

६. पैसा

महिन्याचा अंदाज इंदूरच्या भावांवरून करू नका. तिथे आधीपासून राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला मागच्या तीन महिन्यांचा खरा खर्च विचारा, त्यात परवान्याचे नूतनीकरण, विमा, दोन वर्षांनी घरी येण्याचे तिकीट आणि तातडीने परत येण्याचा राखीव निधी मिळवा. राखीव निधी पूर्ण जमल्याशिवाय निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विश्वासाने निघणे वेगळे आणि परतीच्या तिकिटासाठी मंडळीपुढे हात पसरणे वेगळे.

खजिनदारांनी दोन गोष्टी सीएला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. पहिली, धर्मादाय ट्रस्टने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले तर त्यावर आयकराची सूट आपोआप मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. दुसरी, परदेशी सहकाऱ्यांनी टीमसाठी पाठवलेला पैसा सोयीसाठी इथल्या मंडळीच्या खात्यात घेऊ नये. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खालील नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतले खाते लागते. दोन-चार हजारांच्या मोहापायी मंडळीच्या गळ्यात फास पडतो.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत, असे दीर्घकाळ परदेशी राहायला गेल्यावर परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी ठरता, म्हणून बँकेला कळवून बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे साधे रुपया खाते, करून घ्यावे. केनियात रोजचा व्यवहार मोबाइलवरच्या एम-पेसाने चालतो. २००७ पासूनची ही सोय आपल्या यूपीआयच्याही आधीची आहे, आणि भाजीवालीपासून चर्चच्या दानपेटीपर्यंत सर्वत्र चालते.

७. आरोग्य

पिवळ्या तापाची लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. केंद्रांची यादी पाहून आणि वेळ ठरवून जा. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ते परतीच्या प्रवासातही हातातल्या पिशवीत असू द्या, कारण त्याशिवाय भारतात उतरणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. टायफॉइड, कावीळ, धनुर्वात आणि रेबीज यांच्या लसींबद्दल डॉक्टरांशी बोला.

नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरिया कमी आहे, किसुमूकडच्या व्हिक्टोरिया सरोवराच्या पट्ट्यात मात्र भरपूर आहे. मच्छरदाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी, हा नियम मोडू नका. सुटीवर इंदुरात आल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच ‘आफ्रिकेतून आलो आहे’ हे सांगा. नाहीतर ते साहजिकच डेंग्यू शोधत बसतात.

८. मागे राहिलेले घर

घर, जमीन आणि बँक यांसाठी विश्वासू नातलगाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र निघण्याआधीच नोंदवून घ्या. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्राला उच्चायोगाचे साक्षांकन आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लागतो, आणि ही धावपळ नेमकी घरात अडचण असतानाच करावी लागते. गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा; तो एक वर्ष चालतो. केनियातही वाहने डाव्या बाजूने जातात, ही एक सोय.

९. सामान

केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. आपण तर चपलेपासून लोणच्यापर्यंत सर्व काही पिशवीत पिशवी घालून बांधणारी माणसे. सर्व सामान कापडी पिशव्यांत भरा. पत्नीने जुन्या सुती साड्यांच्या अकरा थैल्या शिवल्या आणि त्यांतल्या एकीत जिरावण (पोह्यांवर घालायचा इंदुरी मसाला) घालून तिचे तोंड दोनदा शिवले; तरी मुंबईहून नैरोबीच्या साडेसहा तासांत माझ्या सर्व सदऱ्यांना इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीचा वास लागला. विजेच्या उपकरणांना तीन चौकोनी पायांची पिन लागते. पुस्तके कमी न्या, मराठी पवित्र शास्त्र आणि उपासनेचे गीतपुस्तक मात्र न्याच. नाताळच्या रात्री त्याची किंमत कळते.

१०. पहिले सहा महिने

पहिल्या सहा महिन्यांत कोणतीही योजना सुरू करू नका, भाषा शिका. स्वाहिलीत ‘दुका’, ‘गारी’, ‘चपाती’, ‘बिमा’ असे ओळखीचे शब्द भेटतात आणि माणूस फसतो, कारण नामांचे वर्ग आणि त्यांप्रमाणे बदलणारे उपसर्ग आपल्या लिंग-वचनांहून बरेच गुंतागुंतीचे आहेत. शिक्षक ठेवा, रोज दोन तास बसा आणि उरलेला वेळ बाजारात घालवा.

घड्याळ वेगळे आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. पाळकांनी ‘साआ तातू’ला सभा आहे असे सांगितले, मी ‘तातू’ म्हणजे तीन एवढे शिकलो होतो, म्हणून दुपारी तीनला टापटीप होऊन पोहोचलो. सभा सकाळी नऊला होती. एक वृद्ध बाई बाके उचलून भिंतीला लावत होत्या. त्यांनी मला पाहिले, हसू दाबले आणि झाकून ठेवलेला उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि भाजी समोर ठेवली. वेळ ठरवताना सकाळ की दुपार हे नेहमी विचारून घ्या.

तिथे तुमचे पहिले नाव ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय. किसुमूपर्यंतचा रेल्वेमार्ग १९०१ मध्ये पुरा झाला तो भारतातून नेलेल्या हजारो मजुरांच्या श्रमांतून. पुढे भारतीय दुकानदार गावोगाव पसरले, आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातल्या जमातींत मान्यता दिली. तरीही सामान्य माणसाच्या मनात मुहिंदी म्हणजे गल्ल्यावर बसलेला मालक. तुम्ही जेव्हा रांगेत उभे राहता, स्वतःचे पाणी भरता आणि स्थानिक पाळकांच्या हाताखाली काम करता, तेव्हा लोक बघत असतात. आपल्याकडे जसे ‘सलाम’ म्हणून हात जोडतात, तसे तिथल्या मंडळीत ‘ब्वाना आसिफिवे’ (प्रभूची स्तुती असो) म्हणतात. त्याला ‘आमेन’ असे उत्तर द्यावे. घाईत नुसते कामाचे बोलणे उद्धटपणाचे मानतात. आधी घरच्यांची, पिकाची, गुरांची विचारपूस, मग काम.

११. पहिला अहवाल

तीन महिने झाले की मंडळीला पहिला अहवाल पाठवा, दोन पानांचा, मराठीत. त्यात काय शिकलो, काय चुकले, किती पैसे कशावर गेले आणि कशासाठी प्रार्थना हवी, एवढे असावे. पालकांची परवानगी असल्याशिवाय लहान मुलांची छायाचित्रे घालू नका, आणि कोणाच्या गरिबीचे वर्णन त्याला वाचून दाखवता येणार नाही अशा शब्दांत करू नका. आमच्या स्थानिक पाळकांनी माझा पहिला अहवाल भाषांतर करून वाचायला मागितला होता आणि मला त्यातला अर्धा परिच्छेद तिथेच खोडावा लागला. तेव्हापासून प्रत्येक अहवाल आधी त्यांना दाखवूनच इंदूरला पाठवत असे. पहिल्या अहवालातच घरी येण्याच्या सुटीचा महिनाही कळवून टाका, म्हणजे खजिनदार तिकिटाचे पैसे वेळेवर बाजूला ठेवतील.